७० मि.मी. की ८४? लालबागच्या एका क्लासिक ३५०चे प्रकरण

लालबागला राहणारा माझा भाचा २०२५ साली गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आपली रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेऊन काळाचौकीच्या माझ्या गाळ्यावर आला, तेव्हा त्याने निर्णय जवळजवळ घेऊनच ठेवला होता. गाडी २०१२ची, त्याच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि त्यांच्यामागे त्याच्याकडे आलेली. मीटरवर ऐंशी हजारांहून अधिक किलोमीटर झालेले होते. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर येतो, दर महिन्याला ऑइल वर घालावे लागते आणि पत्नीला घेऊन नाशिकला जाताना कसारा घाटात गाडीचा दम तुटतो, अशी त्याची तक्रार होती. "मामा, इंजिन उघडावं लागणारच आहे, तर पुन्हा सत्तरचाच पिस्टन कशाला बसवायचा? चौऱ्याऐंशीचा बसवू आणि पाचशेच करून टाकू," असे तो म्हणाला. एका विक्रेत्याने त्याला त्याहून पुढचा, ८७ मि.मी.चा संच सुचवला होता. ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन, गॅस्केट आणि मजुरी धरून खर्च पाऊण लाखाच्या घरात जाणार होता आणि भाच्याने तेवढे पैसे बाजूला काढून ठेवले होते.

बोर करणे (सिलिंडर आतून कापून मोठा करणे), होनिंग, वॉल्व्हच्या सीट कापणे आणि क्रँक (पिस्टनची वर-खाली गती फिरती करणारा दांडा) ट्रू करणे ही माझी रोजची कामे आहेत. मोठ्या बोरचे, म्हणजे सिलिंडरच्या मोठ्या आतल्या व्यासाचे, नाव काढले की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, कारण नीट हिशेब करून बांधलेले मोठे इंजिन काय देते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच या प्रकरणात घाईने होकार किंवा नकार न देता प्रत्येक पर्याय मोजून पाहायचा, असे आम्ही ठरवले. त्या मोजमापाचा आणि त्यावरून झालेल्या निवडीचा हा वृत्तान्त आहे.

गाडीला नेमके काय कमी पडत होते

पहिले काम मी भाच्यालाच दिले. पिकअप नाही, गाडी ओढत नाही, या शब्दांवरून इंजिनाचे माप ठरवता येत नाही, म्हणून कुठल्या रस्त्यावर, किती वजनासह, कुठल्या गिअरमध्ये आणि किती वेगाला गाडी कमी पडते, हे दोन आठवडे वहीत लिहून ठेवण्यास त्याला सांगितले. वही परत आली, तेव्हा लक्षात आले की मुंबईत गाडी कुठेच कमी पडत नव्हती. लालबागहून परळ, दादर, शीव या वाटेवर मोकळा रस्ता क्वचितच मिळतो. जे रस्ते खरोखर वेगाचे आहेत, म्हणजे पूर्व मुक्त मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, अटल सेतू आणि पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, त्यांवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. उरतो तो पूर्व द्रुतगती महामार्ग आणि ठाण्यापुढचा नाशिक महामार्ग. तिथेही सपाटीवर ८० ते ८५च्या वेगाला त्याची तक्रार नव्हती. संपूर्ण तक्रार कसारा घाटाच्या काही किलोमीटरपुरती होती: दोन माणसे, दोन बॅगा, तिसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण उघडलेला, आणि काटा ४० ते ४५च्या पुढे जात नाही.

हा आकडा मला फार बोलका वाटला. गाडीचे वजन १९० किलोच्या आसपास आहे. दोन माणसे आणि सामान १६० किलो धरले, तर एकूण साडेतीनशे किलो होतात. घाटाचा चढ शंभर मीटरला सहा मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरने चढताना नुसते वजन वर नेण्यासाठी साडेचार अश्वशक्तीच्या किंचित वर लागते. हवेच्या अडथळ्यासाठी अडीच आणि टायरच्या घर्षणासाठी एकाहून थोडी अधिक मिळवली, की चाकाशी सुमारे सव्वाआठ अश्वशक्ती होते. या इंजिनाची कारखान्याने दिलेली शक्ती मिनिटाला ५२५० फेऱ्यांना १९.८ अश्वशक्ती आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४००० फेऱ्यांना २८ न्यूटन-मीटर आहे. ४००० फेऱ्यांवरचा टॉर्क शक्तीत मांडला, तर साडेपंधरा अश्वशक्तीच्या थोडे वर येते. गिअर आणि चेन यांत होणारा व्यय वजा केला तरी चाकाशी तेराच्या आसपास उरावी. म्हणजे निरोगी ३५० सीसीच्या इंजिनाने तो घाट तेवढ्या वजनासह ६०च्या वेगाने चढायला हवा, आणि तेही काही शिल्लक राखून. भाच्याची गाडी ४५ला अडत होती, याचा सरळ अर्थ तिच्या चाकाशी असायला हवी त्याच्या निम्मीसुद्धा शक्ती पोहोचत नव्हती.

हाच हिशेब ९०च्या वेगासाठी केला, तर चाकाशी सतरा अश्वशक्ती लागते. एवढी शक्ती चाकाशी देणे ३५०च्या आवाक्याबाहेर आहे. ५००ला ते साधते. त्यामुळे निर्णयाचा पहिला प्रश्न पुढ्यात आला: दोन माणसांसह कसारा घाट ९०ने चढायचा आहे का? ट्रक आणि कंटेनरच्या रांगा असलेल्या त्या घाटात भाच्याला तसे चढायचे नव्हते. त्याला ट्रकच्या मागे अडकून न राहता सुरक्षितपणे पुढे जाता यावे, एवढीच त्याची अपेक्षा होती आणि ती पूर्णपणे रास्त होती.

इंजिन उघडण्याआधीची तपासणी

या इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात राहत नाही. यात स्टार्ट करताना एक्झॉस्ट वॉल्व्ह किंचित उचलून कॉम्प्रेशन कमी करणारी स्वयंचलित यंत्रणा आहे. त्यामुळे साधा कॉम्प्रेशन गेज लावून आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि त्यावरून इंजिन गेले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. म्हणून आम्ही गळती-चाचणी केली: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या जागेतून ठरावीक दाबाची हवा सोडायची आणि किती हवा निसटते ते पाहायचे. गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हवा कुठून निसटते ते कानाला कळत होते. ब्रीदरच्या, म्हणजे खालच्या इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून मोठा फुत्कार येत होता, म्हणजे रिंगा आणि बोर गेलेले होते. सायलेन्सरच्या तोंडाशीही बारीक आवाज होता, म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हता. कार्ब्युरेटरच्या बाजूला मात्र शांतता होती.

याशिवाय मागचा ब्रेक चाकाला सतत घासत होता, एअर फिल्टर धुळीने बुजला होता आणि क्लचच्या प्लेटी झिजून पूर्ण थ्रॉटलला सरकत होत्या. यांतले प्रत्येक कारण थोडी थोडी शक्ती खात होते.

हेड (सिलिंडरवरचे झाकण) आणि ब्लॉक (खुद्द सिलिंडर) उतरवल्यावर बोर गेजने माप घेतले. वरच्या रिंगेच्या प्रवासाच्या टोकाला ७० मि.मी.चा बोर ०.१४ मि.मी.ने मोठा आणि अंडाकृती झाला होता, खाली मात्र जवळजवळ मूळ मापात होता. बोटाला ओठ, म्हणजे झिजलेल्या भागाच्या वर उरलेली कडा, लागत होता. पिस्टनच्या स्कर्टवर उभे ओरखडे होते. क्रँकचा रॉड वर-खाली हलवून पाहिला, तर खेळ नव्हता. बाजूचा खेळही मर्यादेत होता. खालचे इंजिन चांगल्या स्थितीत आहे, ही या तपासणीतली सर्वांत मोलाची माहिती होती, कारण पुढच्या सगळ्या पर्यायांचा भार त्याच क्रँकवर पडणार होता.

८४ आणि ८७चा पर्याय

या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ९० मि.मी. आहे आणि तो ३५०, ५०० व कॉन्टिनेन्टल जीटी ५३५ या तिन्ही युनिट-कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनांत सारखाच आहे. बोर ७० असला की ३४६ सीसी, ८४ असला की ४९९ आणि ८७ असला की ५३५. स्ट्रोक एकच असल्यामुळे पिस्टन मोठा केला की काम झाले, हा समज इथूनच निर्माण होतो, आणि तो वरवर पाहता अगदीच निराधार नाही. पिस्टनचा सरासरी वेगही बदलत नाही. ५२५० फेऱ्यांना तो सेकंदाला पावणेसोळा मीटर होता, तेवढाच राहतो.

बदलतो तो पिस्टनवरचा भार. सिलिंडरमधला दाब तोच धरला, तरी पिस्टनचे क्षेत्रफळ ७०वरून ८४ला जाताना ४४ टक्क्यांनी आणि ८७ला जाताना जवळजवळ ५५ टक्क्यांनी वाढते. प्रत्येक स्फोटाला पिन, रॉड, बिग-एंड बेअरिंग आणि दाबून बसवलेली क्रँकपिन यांच्यावर येणारे बलही तेवढेच वाढते. पिस्टन जड झाला की क्रँकचे संतुलन बदलते आणि ३५०च्या क्रँकवरची प्रतिभारे ३५०च्या पिस्टनसाठी बसवलेली असतात. क्रँक उघडून, नवीन वजनासाठी संतुलित करून, पुन्हा दाबून ट्रू करणे शक्य आहे. पण विक्रेत्याच्या पाऊण लाखात ते काम धरलेले नव्हते. "क्रँकला हात लावायची गरज नाही," असे त्याने भाच्याला सांगितले होते. माझ्या मते या संपूर्ण प्रस्तावातले सर्वांत धोक्याचे वाक्य तेच होते.

दुसरा प्रश्न हेडचा. मूळ ब्लॉक ७०वरून ८४ला बोर करणे अशक्य आहे, कारण प्रत्येक बाजूने ७ मि.मी. धातू काढायचा म्हणजे लायनरच (सिलिंडरच्या आतली नळीच) नाहीसा करायचा. त्यामुळे ब्लॉक नवा लागतो, त्याच्या लायनरचा खालचा भाग क्रँककेसच्या तोंडात उतरतो का ते मोजावे लागते आणि न उतरल्यास तोंड मोठे करून घ्यावे लागते. वर ३५०चेच हेड ठेवले, तर त्याची ज्वलन-पोकळी ७० मि.मी.च्या बोरसाठी घडवलेली असल्याने ८४च्या सिलिंडरवर चहूबाजूंनी ७ मि.मी.चा कडा आत येतो आणि गॅस्केट दाबून धरण्यासाठी स्टडपर्यंत उरणारी पट्टी अरुंद होते. हेड ५००चे घेतले, तर वॉल्व्ह मोठे मिळतात, पण ५००ला कारखान्यातून फ्युएल इंजेक्शन आणि एक प्लग आहे, तर या ३५०ला कार्ब्युरेटर आणि दोन प्लग. म्हणजे इग्निशनपासून इन्टेकपर्यंत सर्व जुळवणी नव्याने करावी लागते. पिस्टनच्या मापाआधी हेड कुठले, हे विचारायला हवे होते, आणि विक्रेत्याकडे त्याचे स्पष्ट उत्तर नव्हते.

कॉम्प्रेशनचा हिशेब तर मी भाच्याला कागदावर करायलाच लावला. पिस्टन खाली असतानाची जागा आणि वर असतानाची जागा यांचे मूळ प्रमाण ८.५ आहे. ३४६ला ७.५ने भागले, की पिस्टन वर असताना शिल्लक राहणारी जागा सुमारे ४६ सीसी येते. हेडमध्ये ब्युरेटने रॉकेल सोडून आणि गॅस्केटची जाडी धरून आम्ही प्रत्यक्ष मोजली, तेव्हा ती ४७च्या आसपास भरली, म्हणजे कागद आणि धातू यांचा मेळ बसला. आता तेवढीच जागा ठेवून सिलिंडर ४९९ सीसीचा केला, तर प्रमाण सव्वाअकरा ते पावणेबारापर्यंत जाते. हवेने थंड होणाऱ्या, मुंबईच्या उन्हात शीवच्या सिग्नलला दहा दहा मिनिटे उभ्या राहणाऱ्या इंजिनासाठी हे प्रमाण नॉकिंगला (इंधन अनियंत्रितपणे भडकण्याला) आणि शेवटी पिस्टनला भोक पडण्याला आमंत्रण आहे. ८.५चे प्रमाण राखायचे, तर शिल्लक जागा साडेसहासष्ट सीसी हवी, म्हणजे वीस सीसीची भर पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यातून किंवा पोकळी मोठी करून काढावी लागते. मोठ्या बोरमुळे गॅस्केटच्या जाडीतून मिळणारी जागा त्यात सीसी-दोन सीसीची मदत करते, अधिक नाही. संचातल्या पिस्टनचा खळगा किती सीसीचा आहे, हे विक्रेत्याला विचारले. त्याने पिस्टन फोर्ज्ड (दाबाखाली ठोकून घडवलेला) आहे, असे उत्तर दिले. फोर्ज्ड पिस्टन मजबूत असतो हे खरे, परंतु तो तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला बोरमध्ये जागाही अधिक सोडावी लागते आणि थंड इंजिनात तो खडखडतो. खळग्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

आणि इतके सगळे नीट केल्यावर मिळते काय? कारखान्याच्याच आकड्यांवरून पाहू. ३४६वरून ४९९ सीसीला जाताना आकार ४४ टक्क्यांनी वाढला. टॉर्क २८वरून ४१.३ न्यूटन-मीटर झाला, म्हणजे ४७ टक्के वाढ. पण शक्ती १९.८वरून २७.२ झाली, म्हणजे ३७ टक्केच. ही वाढसुद्धा मोठे वॉल्व्ह आणि इंजेक्शन दिल्यानंतरची आहे. ३५०चे हेड आणि ३५०चा कार्ब्युरेटर ठेवून मोठा पिस्टन बसवला, तर खालच्या फेऱ्यांना ओढ नक्की वाढते, पण वरच्या फेऱ्यांना तेवढी हवा आत येतच नाही आणि इंजिन लवकर गुदमरते. सीसी वाढले म्हणून त्याच प्रमाणात शक्ती वाढेल, या अपेक्षेने पैसे मोजणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, कारण निराश झाल्यावर ते पुढचा खर्च कॅम, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरवर करत जातात आणि मूळ क्रँक तसाच राहतो.

मधला मार्ग, जो मला स्वतःला मोहात पाडत होता

७६ मि.मी.चा पिस्टन बसवला, तर ४०८ सीसी होतात. पिस्टनवरचे बल अठरा टक्क्यांनीच वाढते, जे सुस्थितीतला क्रँक सोसू शकेल. ब्लॉकला नवा लायनर घालणे, पिनचा व्यास आणि पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुळणारा दुसऱ्या गाडीचा पिस्टन शोधणे, ही कामे माझ्या गाळ्यात होण्यासारखी होती. कॉम्प्रेशन मूळ जागेत ९.९ला जाते, ते खळग्याने नऊच्या आसपास आणता येते. घाटात तिसऱ्याऐवजी चौथा गिअर सहज चालला असता. कारागीर म्हणून मला हा पर्याय आवडला होता, हे मी इथे स्पष्ट लिहितो. दोन रात्री मी त्याचीच मापे काढत बसलो होतो.

पण गाडी फक्त लोखंडाची नसते, तिला कागदही असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये याच कलमाचा अर्थ ठामपणे स्पष्ट केला. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४)खाली मालकाला प्रत्येक अशा बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. सीसी हा नोंदणीतला तपशील आहे. ३४६ लिहिलेल्या नोंदणी-पुस्तकाखाली ४०८ किंवा ४९९चे इंजिन चालवणे या तरतुदीत बसत नाही.

"इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, ब्लॉक बदलला ते कुणाला कळणार?" असे भाच्याने विचारले. मी त्याला विम्याचे उदाहरण दिले. जून २०२२पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वर्षाला १,३६६ रुपये आहे आणि ३५०च्या वर गेले की २,८०४ रुपये. ३४६ सीसीचे इंजिन या सीमारेषेच्या अगदी अलीकडे उभे आहे. मोठा बोर बसवून खालच्या गटाचा हप्ता भरत राहणे म्हणजे विमा कंपनीला चुकीची माहिती देणे. घाटात अपघात झाला, कुणाला गंभीर दुखापत झाली आणि सर्वेक्षकाने इंजिन उघडले, तर प्रश्न पाच हजारांच्या दंडाचा राहत नाही. नुकसानभरपाईचा बोजा गाडीच्या मालकावर येण्याची शक्यता उभी राहते. मागे पत्नी बसलेली असते, हे मला त्याला वेगळे सांगावे लागले नाही.

आणखी एक गोष्ट या गाडीपुरती निर्णायक होती. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ची गाडी २०२७ साली ताडदेवच्या आरटीओत तपासणीसाठी न्यावी लागणार. वडिलांची गाडी म्हणून भाच्याला ती पुढची अनेक वर्षे ठेवायची आहे. मग दोन वर्षांनी जी तपासणी द्यायचीच आहे, तिच्या तोंडावर नोंदणीशी न जुळणारे इंजिन बांधण्यात काय अर्थ, असे मी विचारले. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

बाहेरचे दोन पर्याय

मोठे इंजिनच हवे असेल, तर ते कागदोपत्री मोठे असलेले घ्यावे, हा विचारही आम्ही केला. रॉयल एनफिल्डची नवी ६५० आता ४७ अश्वशक्ती आणि ५२ न्यूटन-मीटर देते, तिची जुळी सिलिंडरे ७८ मि.मी. बोरची आहेत आणि तो बोर कारखान्यातच त्या क्रँकसाठी ठरवलेला आहे. परंतु आम्ही हिशेब करत होतो त्याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५पासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या दुचाकींवरचा ४० टक्के झाला. भाच्याच्या आवाक्यात ते नव्हते. जुनी क्लासिक ५०० हा दुसरा पर्याय. ५००चे उत्पादन २०२०मध्ये, बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे निकष आले त्या वेळी थांबले, त्यामुळे बाजारात मिळणारी प्रत्येक गाडी आता निदान पाच वर्षांची आहे आणि इंजेक्शनचे सुटे भाग मिळतात की नाही, ते पाहूनच घ्यावी लागते. तरी ४९९ सीसी लिहिलेले पुस्तक, ५००चे हेड, ५००चा क्रँक आणि ५००ची गिअरिंग हे सगळे एकत्र आणि कायदेशीर मिळते. मोठ्या बोरच्या संचासाठी पाऊण लाख घालण्यापेक्षा त्यात आणखी रक्कम घालून हा पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत होते आणि आजही आहे. भाच्याला मात्र वडिलांची गाडी विकायची नव्हती आणि लालबागच्या चाळीत दोन गाड्या उभ्या करायला जागा नव्हती.

काय केले आणि काय मिळाले

शेवटी ७० मि.मी.चाच नवा ब्लॉक आणि पिस्टन एकमेकांच्या ग्रेडला जुळवून घेतला. ब्लॉक नवा असूनही मी बोर गेजने तिन्ही उंचींवर आणि दोन्ही दिशांना माप घेऊन पाहिले, कारण नव्या मालाचे माप गृहीत धरण्याची माझी पद्धत नाही. रिंगांच्या टोकांमधली फट बोरमध्ये बसवून फीलर गेजने तपासली. एक्झॉस्ट वॉल्व्ह नवा घातला, दोन्ही सीट कापून वॉल्व्ह लॅप केले आणि गाइडचा खेळ पाहिला. क्लचच्या प्लेटी बदलल्या, मागच्या ब्रेकचे काम केले, फिल्टर बदलला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. त्याला तेवढ्याच हवेसाठी साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के अधिक इंधन लागते, म्हणून २०१२च्या कार्ब्युरेटरचा मेन जेट (इंधन सोडणारे मुख्य छिद्र) एक माप मोठा करून प्लगचा रंग पाहत जुळवणी केली आणि जुन्या रबरी नळ्या बदलल्या. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करण्याचाही विचार झाला होता. त्याने घाटात पाच-सहा टक्के अधिक ओढ मिळाली असती, पण सपाटीवर इंजिन तेवढ्याच टक्क्यांनी अधिक फिरले असते. आधी इंजिन निरोगी करून पाहू, मग दात मोजू, असे म्हणून तो विषय आम्ही बाजूला ठेवला. एकूण खर्च विक्रेत्याच्या अंदाजाच्या एक तृतीयांशापेक्षा थोडा कमी आला.

पहिले पाचशे किलोमीटर भाच्याने शहरातच, थ्रॉटल अर्ध्यापुढे न नेता आणि एकाच वेगावर फार वेळ न राहता चालवली. मग ऑइल बदलून हेडचे बोल्ट पाहिले आणि पुन्हा गळती-चाचणी घेतली. गळती दहा टक्क्यांच्या आत होती आणि ब्रीदरपाशी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. दिवाळीला तो पत्नी आणि तेवढ्याच दोन बॅगा घेऊन नाशिकला गेला. येताना वही घेऊन आला. कसारा घाटात चौथ्या गिअरमध्ये ५५ ते ६०, ट्रकला मागे टाकताना तिसऱ्यात उतरल्यावर ६५, आणि थ्रॉटल अजून पाव भाग शिल्लक, अशी नोंद त्याने केली होती. कागदावरचा सव्वाआठ अश्वशक्तीचा हिशेब आणि ही नोंद यांच्यात फारसे अंतर नव्हते. उरलेल्या पैशांतून त्याने दोघांसाठी चांगली हेल्मेट आणि पुढचा टायर घेतला.

५००चे वेड त्याच्या डोक्यातून गेलेले नाही, आणि ते जावे असे मला वाटतही नाही. २०२७ची ताडदेवची तपासणी झाली, की चाळीच्या पुनर्विकासात पार्किंगची जागा मिळते का ते पाहून जुनी क्लासिक ५०० शोधायची, असे त्याने ठरवले आहे. ७६ मि.मी.ची माझी मापे त्याने मागून घेऊन वहीत जपून ठेवली आहेत. जुना ब्लॉक माझ्या गाळ्यात फळीवर आहे. वरच्या टोकाला खडूने ०.१४ लिहिलेले आहे, आणि मोठा पिस्टन मागायला येणाऱ्या मुलांना मी आधी त्याच्या ओठावरून बोट फिरवायला सांगतो.